मदत हवी आहे : पुणे ते कोल्हापूर पट्ट्यात पिकलबॉलसाठी सार्वजनिक जागा

नमस्कार. साठी ओलांडलेले माझे आईवडील वर्षभरापासून सोसायटीच्या वाहनतळात खडूने रेषा आखून पिकलबॉल (फळीसारख्या रॅकेटने जाळीवरून चेंडू टोलवायचा, टेनिससारखा खेळ) खेळतात, पण छिद्रांचा तो हलका प्लास्टिकचा चेंडू वाऱ्याची झुळूक आली तरी भरकटतो. या खेळाचे मैदान दुहेरी बॅडमिंटनइतकेच, म्हणजे ४४ बाय २० फूट असते. जाळी मात्र मध्यभागी ३४ इंचांवर लागते, त्यामुळे बॅडमिंटनच्या सभागृहात सुटी जाळी लावू दिली तरी पुरे. पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर येथील महापालिकेच्या किंवा जिल्हा क्रीडा संकुलांच्या कोणत्या सभागृहांत अशी परवानगी मिळते, शुल्क किती आकारतात आणि सकाळची वेळ मिळते का, हे कृपया स्वानुभवावरून कळवावे. गुडघ्यांसाठी लाकडी किंवा सिंथेटिक जमीन असल्यास फारच उत्तम.