एकच कर्नल, कोर कधी १ तर कधी ४: लॉक कसे निवडायचे?

हिंजवडी_फेज_२: चाकणच्या कारखान्यांसाठी कंट्रोलर करतोय, ६४-बिट एक्स८६ वर. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आमचंच, छोटं. साध्या मॉडेलवर ते एका व्हीसीपीयूच्या (आभासी सीपीयूच्या) व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, मोठ्यावर थेट ४ कोरवर. कर्नलच्या दोन वेगळ्या बिल्ड इमेज सांभाळायच्या नाहीत. स्पिनलॉकमध्येच (लॉक मोकळा होईपर्यंत सीपीयू फिरत वाट पाहतो तो) 'सीपीयू एकच असेल तर काही करू नकोस' अशी अट टाकली तर?

बाइटमोजणी: नको. लॉक घेतला तेव्हा सीपीयू एक होता, सोडायच्या आत दुसरा सुरू झाला, की आत कोणी आहे हे त्याला कळणारच नाही.

लिनक्स वेगळं करतं. लॉक प्रीफिक्स (सूचना दुसऱ्या सीपीयूच्या मध्ये न येता अखंड व्हावी म्हणून तिच्या आधी लावलेला बाइट) जिथे जिथे आहे तो पत्ता एका वेगळ्या सेक्शनमध्ये नोंदवायचा. बूटला सीपीयू एकच दिसला, की त्या पत्त्यांवरचा हेक्स एफ० बाइट बदलून ३ई, म्हणजे डीएस सेगमेंटचा प्रीफिक्स लिहायचा. ६४-बिटमध्ये तो निरुपद्रवी. लॉकचा शब्द मेमरीत लिहिला जातोच, फक्त महागडी अॅटॉमिकता, म्हणजे ती अखंडतेची हमी, जाते. म्हणून लॉक धरलेला असताना परत एफ० केलं तरी हिशेब चुकत नाही.

एफ० च्या जागी ९०, म्हणजे नॉप (काहीच न करणारी सूचना), टाकू नका. एका सूचनेच्या दोन होतात. मग फॉल्ट आला तर तो एक बाइट पुढच्या पत्त्यावर दिसतो आणि एक्सेप्शन टेबलमध्ये (कोणत्या पत्त्यावर फॉल्ट आला तर काय करायचं याच्या यादीत) ती नोंद सापडत नाही.

हिंजवडी_फेज_२: आणि परत एफ० कधी करायचं?

बाइटमोजणी: दुसऱ्या सीपीयूला जागं करण्याआधी, इंटरप्ट बंद ठेवून. कर्नलचा कोड रीड-ओन्ली असणार, तेव्हा तात्पुरत्या रायटेबल मॅपिंगमधून लिहा आणि नंतर सीपीयूआयडीसारखी सीरियलाइझ करणारी (आधीच्या सगळ्या सूचना पुऱ्या करूनच पुढे जाणारी) सूचना चालवा. मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडले जाणारे भाग) लोड होत असतील तर प्रत्येकाची पत्त्यांची यादी वेगळी ठेवावी लागते. हे हमखास विसरलं जातं.

पेठेतला_पॉइंटर: खरी गोम व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे. पाहुण्याला, म्हणजे आतल्या कर्नलला, सीपीयू एकच दिसतो, पण यजमानाकडे, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनकडे, अनेक. हायपरव्हायजरसोबत (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) वाटून घेतलेल्या मेमरीवरचे बिट आणि व्हर्टिओ रिंगचे (आभासी उपकरणांशी देवाणघेवाणीच्या रांगेचे) बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या कामांचा क्रम राखणाऱ्या सूचना, या यादीत घालूच नका, तिथे प्रीफिक्स कायमचा हवा. नाहीतर यजमानाने नुकताच लावलेला बिट तुमच्या लिहिण्याखाली पुसला जाईल, तोही कधीतरीच. शोधत बसा मग!

एक्सचेंज (अदलाबदलीची) सूचना मेमरीवर प्रीफिक्सशिवायही लॉकच असते, तिथे पॅचने काही वाचत नाही. आणि एका कोरवरही प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला सीपीयू देणं) व इंटरप्ट बंद करणं तसंच राहू द्या. लॉकमधला तेवढा भाग तिथेही लागतोच.