डंडॉकला लेकीकडं जातोय: नातवंडांबरोबर चढता येईल असा गोष्टीतला डोंगर सांगा

वडगावची आज्जी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही दोघं लेकीकडं आयर्लंडला जातोय. ती डंडॉकला नर्स आहे. मुक्काम दीड महिन्याचा. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. दीड महिना नुसतं घरात बसून भाकऱ्या थापायला मी येणार नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवलंय.

माझं माहेर येळ्ळूर. राजहंसगड आमच्या परसात असल्यागत होता, तेव्हा डोंगराचं वेड लहानपणापासूनचं. आता वय ६१. चालायला मला काही होत नाही, पण ह्यांचा उजवा गुडघा सहा महिने झाले कुरकुरूलाय. सपाटीला दोन-तीन किलोमीटर चालतात, उतरताना त्रास होतो.

परवा नात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आज्जी, इथं एक राक्षस डोंगरावर झोपलाय, तू आलीस की आपण त्याला बघायला जाऊ." लेकीला विचारलं तर तिला ड्युटीमुळं अजून जमलेलं नाही. कुणीतरी सांगितलं की तो सगळा भाग जुन्या ज्वालामुखीचा आहे आणि प्रत्येक टेकडीला एक गोष्ट आहे. कुणी पोरंबाळं घेऊन गेलं असेल तर सांगा. कुठला डोंगर, किती चढ, काय घालायचं? आणि त्या गोष्टी पण सांगा, म्हणजे मला आधी पाठ करून ठेवता येतील. नातीला मराठीतनं सांगायच्या आहेत.

नंदगडची लेक

काकू, तुमचं वाचून राहवलं नाही. मी सहा वर्षं न्यूरीला होते, डंडॉकपासून वीस-पंचवीस मिनिटांवर. माझी आई ६८ व्या वर्षी नंदगडहून आली होती, तिला आणि माझ्या दोन पोरांना घेऊन मी तोच डोंगर चढलेय. स्लीव्ह गलियन त्याचं नाव. आर्मा परगण्यात आहे, उंची ५७० मीटरच्या थोडी वर.

पण आधी व्हिसाचं बघा, कारण आमचं तिथंच अडलं होतं. डंडॉक आयर्लंडमध्ये आणि डोंगर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. रस्त्यावर नाका नाही, कोण अडवत नाही. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले की समजायचं हद्द ओलांडली. आपण बेळगावातनं शिनोळीला जातो तसं वाटतं, पण कागद लागतातच. आईचा व्हिसा करून देणाऱ्यानं "एकच व्हिसा दोन्हीकडं चालतो" म्हणून सांगितलं होतं, ते अर्धंच खरं निघालं. आयर्लंडच्या पर्यटक व्हिसावर BIVS, म्हणजे 'बी आय व्ही एस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तरच तिकडं जाता येतं. भारतीयांसाठी ही सोय २०१५ पासून आहे. आईच्या व्हिसावर तो शेरा नव्हता. पहिल्या खेपेला ती हद्दीच्या अलीकडूनच परत गेली, दुसऱ्या खेपेला डोंगर बघितला. तुमच्या पासपोर्टवर नीट बघून घ्या. आणि लेक-जावयाचे, पोरांचे पासपोर्ट भारतीयच असतील तर त्यांनाही ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. हे तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या काकू, नाहीतर पोरं ऐन वेळी हिरमुसतात.

आता डोंगर. पायथ्याला फॉरेस्ट पार्क आहे. तिथं पोरांसाठी 'जायंट्स लेअर' नावाची झाडीतली छोटी वाट केलीय. बुंध्यांना बसवलेली पऱ्यांची चिमुकली दारं, राक्षसाचं टेबल आणि खुर्च्या. खुर्चीवर चढायला माझ्या धाकट्याला ढकलावं लागलं होतं. काकांना आणि चार वर्षांच्या नातवाला एवढं पुरे. वाट सोपी आहे, बसायला बाक आहेत, जवळच खेळायची बागही आहे.

वर जायचं असेल तर पायथ्यापासून चालू नका. जंगलातनं एक एकेरी गाडीरस्ता डोंगराच्या कुशीतनं वर जातो, त्याच्या वरच्या पार्किंगला गाडी लावायची. तिथनं दक्षिण टोकापर्यंतची चढण लांब नाही, पण सुरुवातीलाच उभी आहे. देवरवाडीचा वैजनाथ पायवाटेनं चढला असाल तर साधारण तसाच दम लागेल. मला एकटीला पाऊण तास लागायचा, आईबरोबर सव्वा तास लागला. काकांच्या गुडघ्याला ही उतरण नको. त्यांना खाली नातवाबरोबर राहू द्या, तुम्ही आणि नात वर जा.

आणि गोष्ट गाडीतच सांगून संपवू नका. टप्प्याटप्प्यानं सांगा, पोरगी आपोआप चढते. मी असं केलं. पार्किंगला एवढंच सांगितलं की फिन मकूल नावाचा एक मोठा शूर वीर होता. कुलन लोहाराच्या दोन मुली, आन्या आणि मिलुक्रा, दोघींचंही मन त्याच्यावर जडलं. आन्या म्हणाली होती, पिकल्या केसांचा नवरा मी कधी करणार नाही. ते मिलुक्राच्या कानावर गेलं. इथं थांबायचं आणि चढायला लागायचं. "मग तिनं काय केलं?" हे पोरगी शंभर पावलांत विचारतेच.

माथ्यावर दगडांची मोठी रास आहे आणि तिच्या पोटात पाच हजार वर्षांपेक्षा जुनी थडग्याची खोली. कॅल्याख बेराचं घर म्हणतात तिला. कॅल्याख म्हणजे थंडी-वाऱ्याची मालकीण असलेली म्हातारी. १७८९ साली गावकऱ्यांनी ती म्हातारी शोधायला रास उकरली, तर आत थोडी हाडं तेवढी मिळाली. थंडीतला सगळ्यात लहान दिवस मावळताना सूर्याचा किरण त्या बोळातनं आत जातो, अशी तिची मांडणी आहे.

आत जायला वाकावं लागतं. वरची शिळा हाताला गार लागते, ओलसर, बोटाला पाणी येतं. पोरं टॉर्च घेऊन कधीच आत शिरली होती. मी मागं बघते तर आई बाहेर बसून बुटाच्या नाड्या सोडूलालेय. म्हटलं, अगं देऊळ नव्हे ते. ती म्हणाली, "कुणाची तरी माती आहे की गं आत." आणि मोजे घालून तशीच ओल्या दगडावरनं आत गेली, हात जोडले, दोन मिनिटं गप्प उभी राहिली. पोरंही गप्प झाली. मी तिथं किती वेळा गेले असेन, पण मला ते कधी सुचलं नव्हतं. मोजे अर्थातच भिजले आणि खाली येईपर्यंत तिचे पाय बर्फ झाले. म्हणून सांगते, पिशवीत जादा मोज्यांचे दोन जोड घाला.

तिथनं थोडं पुढं, माथ्यावरच, एक लहान तळं आहे. मधली वाट दलदलीची, काळा चिखल घोट्यापर्यंत येतो. गोष्टीचा उरलेला भाग तिथं सांगायचा. फिनला काठावर एक बाई रडताना दिसली. अंगठी पाण्यात पडली म्हणाली. त्यानं बुडी मारून अंगठी आणून दिली आणि काठाला आला तो थरथरता म्हातारा होऊनच. ती बाई म्हणजे मिलुक्रा. त्याच्या गड्यांनी डोंगर खणत नेला, तेव्हा तिनं उतारा प्यायला दिला. तारुण्य परत आलं, केस मात्र पांढरेच राहिले. अजून तिथले लोक म्हणतात, या तळ्यात अंघोळ केली की केस पांढरे होतात. माझ्या थोरल्यानं तळ्याकडं बघितलं, मग आईच्या डोक्याकडं, आणि विचारलं, "आज्जी, तू इथं आधी कधी आली होतीस?"

तिसरं रेल्वे गेट

ताईंनी वाट फार चांगली सांगितली. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, मुलाकडं बेलफास्टला जाऊन आलोय. ज्वालामुखीबद्दल थोडं सांगतो, कारण नात विचारणार की तोंड कुठं आहे.

ते तळं म्हणजे तोंड नव्हे. तोंड केव्हाच झिजून गेलं. आज उभा आहे तो ज्वालामुखीच्या आतला, जमिनीखाली थिजलेला भाग. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर उघडत होता, युरोप आणि ग्रीनलंड एकमेकांपासून फाटत होते, त्या वेळचा हा खेळ. आपल्या दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या सुमाराचा, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबानं शेजारीच. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरनं सगळीकडं बघा. बुटक्या टेकड्यांचं एक कडं डोंगराभोवती दिसेल. जमिनीला गोल भेग पडली, तीत तप्त रस भरला आणि थिजला. अशा कड्याचा शास्त्रीय नकाशा जगात पहिल्यांदा तिथलाच झाला.

एक दिवस उत्तर आयर्लंडच्याच किनाऱ्यावरच्या जायंट्स कॉजवेलाही काढा. डंडॉकहून गाडीनं दोन-अडीच तास लागतात. सुमारे ४०,००० दगडी खांब, बहुतेक सहा कोनांचे, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाला भेगा पडतात ना, तसाच लाव्हा थंड होताना आकसून फुटला. फिन इथंही आहे. स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला त्यानं समुद्रात दगडी वाट घातली. तो राक्षस फारच मोठा निघाला, तेव्हा बायकोनं फिनला कुंची घालून पाळण्यात निजवलं. बाळ एवढं तर बाप केवढा, म्हणून राक्षस वाट उखडत पळाला. पलीकडं स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर तसेच खांब आहेत, म्हणून ही गोष्ट जुळते. आपल्याकडं मोठा दगड दिसला की भीमानं टाकला म्हणतात, त्याच जातीची.

खाली खांबांपर्यंतचा रस्ता डांबरी आणि सोपा आहे, बसही मिळते, काकांना अडचण नाही. लाटांजवळच्या काळ्या दगडांवर मात्र पोरांना सोडू नका, भयंकर निसरडे असतात. आणि तिथल्या समुद्राकाठच्या उभ्या कड्यात तांबडा पट्टा दिसेल तो नातीला दाखवा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तिथली हवा उष्ण आणि दमट होती, वरचा दगड कुजून तांबडा झाला. आपल्या घरांच्या भिंतीतला जांभा त्याच कुळातला. मी ते बघून बराच वेळ उभा राहिलो होतो.

वडगावची आज्जी

किती जीव लावून लिहिलंत दोघांनी. ह्यांना वाचून दाखवलं. जांभ्याचं ऐकून म्हणाले, कॉजवेला मीही येतो.

व्हिसा काढून बघितला. 'बी आय व्ही एस' असं काही लिहिलेलं नाही. लेकीचाही पासपोर्ट अजून आपलाच आहे. मग आता हद्दीच्या अलीकडं काही आहे का? नातीला तोंड कसं दाखवू?

नंदगडची लेक

आहे की काकू, वाईट वाटून घेऊ नका. ब्रिटनच्या व्हिसाचं लेकीला आत्ताच विचारायला सांगा, वेळ आहे. नाहीच जमलं तर कूली द्वीपकल्प डंडॉकच्या दारातच आहे आणि तेही त्याच जुन्या ज्वालामुखींचं अंग. कार्लिंगफर्ड गावावरचा स्लीव्ह फॉय ५८९ मीटरचा. तो पुरा चढू नका, वाट अवघड आहे, गावातनं खालून बघा. कार्लिंगफर्ड ते ओमीथ जुन्या रेल्वेमार्गावर सपाट वाट केलीय, सातेक किलोमीटर, एका बाजूला खाडी. काकांना ती फार आवडेल. वाटेल तिथनं परत फिरायचं.

गोष्ट तिथं वेगळी आहे. कूलीच्या तांबूस बैलासाठी मेव्ह राणी सैन्य घेऊन आली आणि कूखुलिन नावाच्या पोरसवदा वीरानं एकट्यानं ते अडवलं. आपल्याकडं देवळांच्या आवारात वीरगळ असतात ना, गाईगुरं सोडवताना पडलेल्यांचे? नातीला तेच सांगा, गुरांसाठीची लढाई. हा कूखुलिनही त्या कुलन लोहाराच्याच गोष्टीतला. लहानपणी कुलनचा राखणीचा कुत्रा याच्या हातनं मेला, तेव्हा "नवा मिळेपर्यंत मीच राखण करतो" म्हणाला, म्हणून नाव पडलं कुलनचा कुत्रा.

नातवासाठी प्रोलीकला जा, डंडॉकच्या अगदी जवळ. हॉटेलाच्या मागच्या गोल्फच्या मैदानाकडेनं थोडं चाललं की तीन उभ्या दगडांवर ठेवलेली एक अवाढव्य शिळा आहे, ४० टनांच्या आसपास. राक्षसानं आणून ठेवली म्हणतात. खडा वर फेकायचा, तो वर राहिला तर मनातली इच्छा पुरी होते. शिळेचा माथा खड्यांनी भरलेला दिसेल.

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागं जातात आणि पाचच्या आत अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा. वारा कानात शिरतो, कानटोपी न्या. छत्री उपयोगाची नाही, पावसाचा कोट न्या. डब्याला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, ती भिजत नाही, विटत नाही. आणि प्रोलीकला नातवाला जावयाच्या खांद्यावर बसवा. जमिनीवरनं चार वर्षांच्या हातचा खडा तिथवर पोचत नाही, खांद्यावरनं पोचतो.