पाणी येलालंय का बे?

(जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटचा ग्रुप, बुधवारची रात्र. नावांऐवजी फ्लॅट नंबर ठेवलेत. तसंही आम्ही एकमेकांना नंबरानंच ओळखतो. मधले गुड नाईट आणि कुणीतरी टाकलेला सूर्यफुलाचा फोटो गाळलाय.)

ए-१०४, सेक्रेटरी : सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात बदल झाल्याने टाकी भरण्याची वेळ अनिश्चित आहे. सबब, पाण्याचा वापर काटकसरीने करावा. पुढील सूचना यथावकाश देण्यात येईल.

सी-४०१, धाकटा : म्हणजे पाणी येलालंय का नाही बे

(हा मेसेज डिलीट करण्यात आला.)

सी-४०१, धाकटा : सॉरी सर. पाणी आज येणार आहे का?

बी-२०३, मॅडम : डिलीट केलास तरी मी वाचलंय. सेक्रेटरी तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. त्यांना "बे"? आम्ही पुण्याहून बदलीवर येऊन दीड वर्ष झालं, पण हे काही अंगवळणी पडत नाही. लिफ्टमध्ये बे, पार्किंगमध्ये बे, आता ग्रुपवर पण!

सी-४०१, आई : मॅडम, चुकलं त्याचं. मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं ते इथं पडलं. मी झापलेय त्याला.

ए-१०२, आजोबा : मॅडम रागावू नका ओ. पोरगं चुकलं ते बे म्हणून नव्हं, कुणाला म्हणलं ते बघितलं नाही म्हणून. दोस्ताला बे नाही म्हणलं तर तो विचारतो, काय रे भांडलालास का माझ्यासंगं? आपला, ए-१०२.

बी-१०१, चाचा : हौ. आणि तो बे मुळात आमच्याकडनं तुमच्याकडं आलाय. "अबे"मधला अ गळाला की बे. पण अब्बांसमोर म्हटलं असतं तर चप्पलच आली असती.

बी-२०३, मॅडम : तेच म्हणतेय मी. मोठ्यांचा मान नको?

ए-३०१, वहिनी : मॅडम, एक बोलू का? राग मानू नका. काल तुमची मुलगी जिन्यात बाबांना म्हणाली, "ए बाबा, थांब ना!" माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. आत येऊन मला विचारतात, बापाला ए? आणि थांब?

बी-२०३, मॅडम : अहो, आमच्याकडे सगळी मुलं तसंच म्हणतात. त्यात अपमान कसला? जवळीक असते.

ए-३०१, वहिनी : मग ह्यांच्या बेमध्ये पण जवळीकच की ओ.

(इथं ग्रुप साधारण सहा मिनिटं शांत. एवढी शांतता मेन्टेनन्स वाढवल्यावरच पडते.)

सी-३०२, ताई : मी बोलू का थोडं? पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. करतेय, सध्या सुट्टीला आलेय. सी-४०१ नं आत्ता जे केलं, त्याच्यावर न्यूयॉर्कमध्ये एक फार गमतीचं काम झालंय.

सी-४०१, धाकटा : मी काय केलं आता 😭

सी-३०२, ताई : मेसेज डिलीट करून परत लिहिलास, ते. विल्यम लॅबोव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ १९६२ मध्ये तिथल्या तीन मोठ्या दुकानांत गेले. एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधीच बघून ठेवलेलं. खाली विक्रेत्याला विचारायचं, अमुक वस्तू कुठे आहे? उत्तर येणार "फोर्थ फ्लोअर". त्यातला "र" उच्चारला की गिळला, एवढंच ऐकायचं. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारायचं. २६४ जणांना असं विचारलं. महागड्या दुकानात र सगळ्यात जास्त, स्वस्तात सगळ्यात कमी. दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र लोक सावरून, र लावून बोलले, आणि मधल्या दुकानात ते चांगलंच जाणवलं.

बी-१०१, चाचा : म्हणजे मधलेच जास्त घाबरतात. बरोबर आहे. श्रीमंताला कोण हसणार, आणि गरिबाला सवय असते.

सी-३०२, ताई : चाचा, परीक्षेत हे वाक्य लिहिणार मी! तर धाकट्याचं "येलालंय का बे" हे पहिलं उत्तर, आणि "सर, येणार आहे का?" हे दुसरं. दोन्ही त्याचीच.

ए-१०२, आजोबा : आमच्या वेळी मिलमध्ये असंच होतं. मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. निम्मं बोलणं हातवाऱ्यांचं. शेजारच्या मागावरच्याशी तेलुगू, मुकादमाशी कानडी, ऑफिसात मराठी. आणि डबा खाताना सगळ्यांना बे. मग मी मुकादम झालो. त्या दिवसापासनं माझा बे बंद. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप. बायको म्हणायची, हल्ली नोटीस वाचून दाखवल्यासारखं बोलताव. रिटायर झाल्यावर सिद्धेश्वर तलावावर फिरायला जाऊ लागलो, तिथं जुने चौघं भेटले. पहिल्याच दिवशी एक ओरडला, "काय बे म्हाताऱ्या, जित्ता हायस का?" डोळ्यात पाणी आलं बघा. आपला, ए-१०२.

सी-३०२, ताई : आजोबा, अभ्यासकांना हा नमुना बऱ्याच ठिकाणी दिसलाय. शाळा-कॉलेजच्या वयात आपली खास बोली सगळ्यात गडद. नोकरीच्या वर्षांत फिकी, कारण वर साहेब आणि समोर गिऱ्हाईक. निवृत्तीनंतर बऱ्याचदा परत मोकळी. म्हणून पोरांची भाषा बिघडली म्हणताना जपून. त्यातलं काही वयाबरोबर गळून जातं, काही मात्र भाषेतच मुरतं. कुठलं काय ते पंचवीस-तीस वर्षांनीच कळतं.

बी-२०३, मॅडम : बे एकवेळ समजू शकते. पण "करलालो", "येलालंय" हे व्याकरण कुठलं?

सी-३०२, ताई : मॅडम, "करू लागलो" दहा वेळा भरभर म्हणून बघा. माझा आपला अंदाज आहे हं, पण सातव्या-आठव्या वेळेला तुम्ही सोलापूरला पोचाल.

बी-२०३, मॅडम : ...बघितलं म्हणून. मिस्टर हसतायत.

सी-३०२, ताई : पुण्यात होस्टेलला पहिल्याच आठवड्यात मी "मी येलाले" म्हणाले आणि अख्खी मेस हसली. महिन्याभरात सुटलं. आई म्हणते, तू फोन उचललास की पहिल्या वाक्यात कळतं, खोलीत मैत्रिणी आहेत की एकटी आहेस. गाडीनं मोहोळ सोडलं की परत येतं. माझ्या भावानं मात्र पुण्यात तीन वर्षं काढली आणि एक अक्षर बदललं नाही. त्याला कुणी हसलं नाही, उलट "सोलापूरचा भाई" म्हणून भाव मिळाला. मुलीला गावंढळ म्हणतात आणि मुलाला रांगडा. ह्याचा मला अजून राग आहे.

ए-३०१, वहिनी : अगदी. मला तर लग्नानंतर मराठी, तेलुगू दोन्ही सुधारायला लावली.

डी-२०४, अप्पा : भाषेवरनं आठवलं. गेल्या महिन्यात मी टाकलं होतं, "अव्वा पडली, कुणीतरी वर या." वहिनींचे मिस्टर येऊन माझ्या आज्जीला शोधू लागले. आज्जीला जाऊन तर दहा वर्षं झाली!

ए-३०१, वहिनी : आमच्या तेलुगूत अव्वा म्हणजे आजी!

डी-२०४, अप्पा : आमच्या कानडीत आई. आई बाथरूममध्ये बसली होती, हे देवघरात बघत होते.

बी-१०१, चाचा : आणि मी खाली विचारत होतो, हव्वा कोण?

सी-३०२, ताई : आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडवर एक प्रसिद्ध निबंध आहे, गंपर्झ आणि विल्सन यांचा, १९७१ चा. तिथं कानडी, मराठी, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी, थोडी तेलुगूही. घरात प्रत्येकानं आपापले शब्द जपले, कारण त्यावरनंच कोण कुठला ते कळायचं. पण वाक्याची घडण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. आपल्या बिल्डिंगचंही तेच. वाक्य एकच, अव्वा दोन.

सी-४०१, धाकटा : ताई एक सांगा ना. आजोबा मला ग्रुपवर "बरं." लिहितात. टिंब देऊन. चिडलेत का माझ्यावर?

ए-१०२, आजोबा : वाक्य संपलं की टिंब देतात. मास्तरांनी छड्या मारून शिकवलंय. त्यात चिडायचं काय? आपला, ए-१०२.

सी-४०१, धाकटा : आमच्यात टिंब म्हणजे विषय बंद, बोलू नको

सी-३०२, ताई : आजोबांची पिढी मेसेजला पत्र समजते, म्हणून खाली "आपला". तुमच्यासाठी ते कट्ट्यावरचं बोलणं. बोलताना टिंब कोण देतं? म्हणून दिलं की टोचतं.

ए-१०४, सेक्रेटरी : सदर चर्चा मूळ विषयापासून दूर जात आहे.

बी-२०३, मॅडम : सेक्रेटरी साहेब, आता खरं सांगू? तुमची नोटीस मलाही दोनदा वाचावी लागली. पाणी आहे की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. धाकट्याचा प्रश्न बरोबर होता. एक शब्द सोडून.

ए-१०४, सेक्रेटरी : मॅडम, ३१ वर्षे नोकरी केली. हात तसाच वळतो.

सी-४०१, आई : ताईकडनं साधं लिहून घ्या की पुढच्या वेळेपासनं.

सी-३०२, ताई : घ्या : "आज पाणी येणार नाही. उद्या कधी येईल ते अजून कळलेलं नाही. टाकी अर्धी आहे, जपून वापरा."

बी-१०१, चाचा : सुंदर.

ए-१०२, आजोबा : पाण्याची नोटीस ताईनं लिहावी. पण टँकरवाल्याला जे पत्र जातंय ना, मागच्या दोन खेपा अर्ध्या भरून आणल्या म्हणून, ते सेक्रेटरीनंच लिहावं. त्यात "सबब" पाहिजे, "उपरोक्त" पाहिजे, खाली शिक्का पाहिजे. ताईच्या भाषेत लिहिलं तर तो वाचून चहा प्यायला बसंल. आपला, ए-१०२.

डी-२०४, अप्पा : हे मात्र खरंय.

ए-१०४, सेक्रेटरी : सदर पत्राचा मसुदा तयार आहे. "कसूर झाल्यास" हे शब्द दोनदा घातले आहेत.

सी-४०१, धाकटा : तीनदा घाला सर