आजोबांचं वेब्ली: कपाटात, रेंजवर की सरकारजमा?

खानापूरवाला

जुनं लष्करी रिव्हॉल्वर रीतसर परवान्यावर सांभाळणाऱ्या माणसाला ते वर्षातून एकदोनदा देखरेखीखाली झाडता आलं पाहिजे. माझं मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे विरोध करणाऱ्यांना नेमकं कशाला विरोध करायचा ते कळेल.

विषय निघाला तो बेळगाव कॅम्पातल्या एका मित्रामुळे. त्याच्या घरी वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्वर आहे, पणजोबांपासून चालत आलेलं. वडील थकलेत आणि पुढच्या पिढीत कुणाला परवान्याची कटकट नकोय. म्हणून घरच्यांनी ते सरकारजमा करायचं ठरवलंय. एकदा जमा झालं की ते बहुधा मोडीत जाणार. मला हे मनापासून लागलं.

हे हत्यार १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलं. .४५५ बोअर (म्हणजे नळीचं आतलं माप, इंचात), सहा इंची नळी, वजन किलोभराच्या थोडं वर. अंगठ्याने खटका दाबून नळी खाली मोडली की मधली चकती वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर फेकते. चिखलाने भरलेल्या खंदकात हे चालावं म्हणून ते तसं घडवलेलं होतं. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, १९१८ला शरकतच्या लढाईतही होत्या. ज्या गावात १९२२पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, त्या गावातल्या घरातून अशी वस्तू मुकाट्याने भट्टीत जावी?

आणि फक्त काचेत ठेवून ती कळत नाही. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढला तर किती जोर लागतो, एवढी जड गोळी सावकाश सुटते तेव्हा मनगटाला झटका कसा बसतो, हे वाचून उमगणारं नाही.

यावर ब्रिटनमध्ये एक वाट काढलेली आहे. मार्च १९९६मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर १९९७च्या कायद्यांनी तिथे खासगी हँडगन जवळजवळ संपवल्या. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात ऐतिहासिक महत्त्वाच्या हँडगनना जागा ठेवली. हत्यार घरी न्यायचं नाही. बिस्लीच्या नेमबाजी केंद्रासारख्या ठरवून दिलेल्या ठिकाणी कुलपात राहील, तिथेच झाडायचं, तिथेच ठेवून यायचं. बेळगावसारख्या फौजी गावात हे का होऊ नये?

निपाणीची_लेक

खानापूरवाला दादा, तुम्ही डनब्लेनचा दाखला दिलात, पण त्यातला अर्धाच भाग उचललात. त्या माणसाकडची हत्यारं बेकायदा नव्हती, परवान्याची होती. ब्रिटनने त्यातून धडा घेतला तो बंदीचा. सातवं कलम ही त्यातली एक अरुंद फट आहे.

माझा विरोध मात्र त्याहून जवळचा आहे. आमच्या भागात जुनी पिस्तुलं कुणाच्या घरात सापडतात? १८७८मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. सामान्य रयतेला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली आणि मर्जीतल्या लोकांना सवलती मिळाल्या. इनामदार, मोठे वतनदार, सरकारदरबारी उठबस असणारे. म्हणजे घरात रिव्हॉल्वर असणं ही त्या काळी राज्यकर्त्यांशी जवळीक असल्याची खूण होती. माझ्या आजीच्या माहेरी कुळं होती, वाड्यातला नव्हता कुणी. कमरेला रिव्हॉल्वर लावून खंड वसुलीला येणाऱ्या माणसाची गोष्ट ती सांगायची. त्या माणसाने चाप कधीच ओढला नाही, त्याला ओढावा लागलाच नाही. तुम्हाला चाप ओढल्यावर मनगटाला बसणारा झटका समजून घ्यायचाय. समोर उभं राहणाऱ्याला काय वाटायचं ते कुठल्या रेंजवर कळणार?

दुसरी गोष्ट, घरात हत्यार असलं की त्याची भीती घरातल्या बाईला पहिली वाटते. भांडण वाढलं की सगळ्यांची नजर कपाटाकडे जाते. हे मी ऐकीव सांगत नाही.

जुना_आर्मोरर

मी आयुष्यभर हत्यारं उघडली, साफ केली, जोडली. भावनेचं सोडा, लोखंडाचं बोलतो.

पहिलं, शंभर वर्षांच्या हत्याराला काडतूस कुठलं देणार? .४५५ आता दुकानात मिळायचं नाही. कुणाकडे जुना साठा असला तर त्याच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत क्षार राहतो. तो तेलाने जात नाही, पाण्यानेच जातो. म्हणून पूर्वी फौजेत बार झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करून तेल. हे माहीत नसलेला हौशी माणूस वरून तेल फासतो आणि एका पावसाळ्यात नळी आतून खाऊन जाते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्याला ठाऊक हाय त्याला मी वेगळं सांगायला नको.

दुसरं, अमेरिकेत गेलेल्या कैक वेब्लींचं सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी काडतूस बसेल असं केलंय. त्या काडतुसाचा दाब मूळ .४५५पेक्षा पुष्कळ जास्त. बसतंय म्हणून भरायचं नसतं वो. सिलिंडर फुटलं तर बोटं जातात, शेजाऱ्याचा डोळा जातो.

तिसरं, स्प्रिंग. वेब्लीची मुख्य स्प्रिंग इंग्रजी व्ही आकाराची. तुटली तर नवी आणणार कुठून? सुटे भाग हितं बनवायला कायद्यानं परवाना लागतोय, कुठल्याही लेथवर टाकून चालत नाही.

झाडू नका, ठेवा. आणि ठेवायचं तर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, ही चूक घरोघरी बघितलीय. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात उरलेली असतात, आणि जिथं कातडं टेकतं तिथं गंज धरतो. होल्स्टर वेगळं, हत्यार वेगळं. पातळ तेलाचा हात, कोरडी पेटी, सिलिका जेलच्या पुड्या. आणि कुणी नवा निळा मुलामा चढवून देतो म्हणाला तर देऊ नका. जुन्या मुलाम्यावरच्या खुणा, नंबर, परीक्षणाचे शिक्के हीच त्याची ओळख. घासून चकचकीत केलं की मेलं ते.

कोर्टगल्ली

थोडं कायद्याचं बोलते, कारण आतापर्यंतच्या चर्चेत ते राहून गेलंय.

.४५५, .३८ आणि ९ मिमी ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर धरली जातात. म्हणजे पहिल्या महायुद्धातलं वेब्ली, १९३२चं एन्फिल्ड नंबर दोन, ब्राउनिंग हाय-पॉवर, लुगर, सगळी त्यात आली. त्यांचा विषय जिल्हाधिकारी कार्यालयात संपत नाही, केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जातो. घरोघरी जे .३२चं जुनं वेब्ली अँड स्कॉट असतं ते यात येत नाही, त्या दोहोंची गल्लत करू नका.

२०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजायची. फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने क्युरिओ (जुनी, दुर्मिळ, संग्रहाची वस्तू) म्हणून मोडणारी लहान शस्त्रं नुसती बाळगायला परवान्यातून सूट दिली. मात्र ती वापरायला, बरोबर न्यायला किंवा हलवायला परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतूस विकत मिळत नाही. म्हणजे खानापूरवाला म्हणतात त्या ठेवणे आणि झाडणे यातल्या फरकाची जाणीव कायद्याला आहे. पण आपलं हत्यार क्युरिओ आहे असं घरबसल्या ठरवून मोकळं होऊ नका. तसा निर्वाळा लेखी घ्या. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडलं तर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते.

मूळ धाग्यातल्या कुटुंबासाठी: वडील हयात आहेत ना, मग आत्ताच हालचाल करा. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. माणूस गेल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं आणि मग वारसांमध्ये मेळ बसेपर्यंत ते तिथेच गंजतं. आपल्या लोकांना आणखी एक अडचण म्हणजे इथली कागदपत्रं कन्नडमध्ये. मराठीत वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाने समजून न घेता सही करू नये. अर्ज कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.

माजी_सुभेदार

निपाणीच्या ताईंशी मी पुष्कळसा सहमत आहे, कारण वेगळं. इंग्रज अमलात रिव्हॉल्वर साहेबाच्या कमरेला असायचं. मराठा शिपायाच्या खांद्यावर रायफल. आपल्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले बाकी सगळे मेलेले किंवा जखमी. एकट्याने मशीनगनवर धाव घेतली, ग्रेनेड टाकला, टॉमीगन चालवली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ही आमची गोष्ट आहे आणि तीत पिस्तूल कुठेच नाही.

तेव्हा साहेबाचं वेब्ली जपायचं तर जपा, पण त्याला मराठा पलटणीचा वारसा म्हणू नका.

खानापूरवाला

सुभेदार साहेब, घाडग्यांपुढे मान झुकवतोच. तरी एक सांगतो. हत्यार कुणाच्या हातात होतं हे कळायलासुद्धा ते हत्यार उरावं लागतं.

साँडर्सवर झाडलेल्या भगतसिंगांच्या पिस्तुलाचं उदाहरण घ्या. .३२चं कोल्ट. अनेक वर्षं ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात इतर हत्यारांत पडून होतं, अंगावर काळा रंग चढवलेला. रंग खरवडला, नंबर दिसला, तो खटल्याच्या कागदातल्या नंबराशी जुळला. पुढे २०१७मध्ये ते पंजाबात हुसैनीवालाच्या संग्रहालयात गेलं. मधल्या काळात कुणी जुनं भंगार म्हणून वितळवलं असतं तर? आपल्याकडे नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग विलायतेतून चोरून आणलेल्या पिस्तुलांपैकी. कलकत्त्यात ऑगस्ट १९१४मध्ये रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीची पन्नास माउझर पिस्तुलं क्रांतिकारकांनी पळवली. त्यातली पुढच्या वर्षी बंगाली क्रांतिकारक बाघा जतीनच्या माणसांच्या हातात ओडिशात बालासोरच्या चकमकीत बोलली. म्हणून ताई, जुनं पिस्तूल म्हणजे फक्त वाड्यातलं हत्यार असं मला मान्य नाही. तुमच्या आजींच्या गोष्टीतलं रिव्हॉल्वर खरं आहे आणि कान्हेऱ्यांचं ब्राउनिंगही खरं आहे. दोन्ही वितळवली तर दोन्ही गोष्टींचा पुरावा जातो.

आर्मोरर काका, तुमचं लोखंडाचं बोलणं मी शब्दशः घेतो. म्हणूनच मी घरच्या घरी बार काढा असं म्हणत नाही. जाणकाराने आधी तपासायचं, चालण्याजोगं असेल तरच, मूळ दाबाच्या ताज्या काडतुसाने. बाकीची नुसती ठेवायची.

रेंजवरची_पोर

मी दहा मीटर एअर पिस्तूल करते. शेजारच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दिल्या, पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने पदक आणलं. आमच्याकडे सीमाभागात खेळाडूंची संख्या कमी नाही. कमी आहेत त्या लेन आणि सरावाचे तास. पंचवीस मीटरची लेन मिळाली तर ती आधी .२२ स्पोर्ट्स पिस्तूल करणाऱ्या मुलींना द्या. जुन्या रिव्हॉल्वरसाठी वेगळा शस्त्रागार, वेगळा पहारा, वेगळा जाणकार नेमायचा, हा खर्च कुणाच्या वाट्यातून येणार ते मला माहीत आहे.

एक मात्र खरं. बंदूक कुलपात रेंजवर राहावी, घरी नको, ही कल्पना मला पटते. फक्त जुन्यांनाच का, पुष्कळ नव्या हत्यारांनाही ती लागू करा.

चंदगडी_वाट

आमची शेती चंदगडात, घर बेळगावात. परवान्यावर जिथवरची हद्द लिहिलीय तिथवरच हत्यार न्यायचं. आमच्या बांधाच्या मधून राज्याची सीमा जाते. निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा, आणि इथे दोन राज्यांच्या निवडणुका बघाव्या लागतात. रेंज काढाच, पण कर्नाटकातलं हत्यार कोल्हापूरला आणि तिकडचं इकडे आणण्याचा कागद काय असेल ते आधी ठरवा. नाहीतर पहिल्याच नाक्यावर म्हातारा माणूस गुन्हेगार ठरेल. कोर्टगल्ली ताई, याला काही उपाय?

कोर्टगल्ली

@चंदगडी_वाट, हद्द वाढवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. कारण लेखी द्यावं लागतं आणि दर प्रवासाला मूळ परवाना जवळ ठेवावा लागतो. हत्यार रिकामं, काडतूस वेगळं. शेती दुसऱ्या राज्यात आहे हे कारण सातबाऱ्यासकट जोडा.

निपाणीची_लेक

दादा, कान्हेऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते पिस्तूल आज आपण बघायचं ते झाडण्यासाठी नाही. भगतसिंगांचं कोल्ट हुसैनीवालात काचेत आहे, ते कुणी झाडत नाही आणि त्याचं महत्त्व त्याने कमी झालेलं नाही. तुमच्याच उदाहरणाने तुमचा झाडण्याचा मुद्दा पडतो, जपण्याचा उभा राहतो.

मित्राला सांगा, जमा करण्याआधी रेजिमेंटच्या संग्रहालयाला लेखी विचारा. नंबर, शिक्के, कुणाकडून कुणाकडे आलं ते सगळं लिहून द्या. आणि त्या घराला कुळं होती का, तेही लिहा. ते लिहिलंत तर मी स्वतः बघायला येईन.

खानापूरवाला

तेही लिहितो. त्यांच्या घरात खंडाच्या वह्या अजून आहेत, मी बघितल्यात. संग्रहालयाचं पत्र या आठवड्यात टाकतो. झाडण्याबाबत मात्र माझं मत बदललेलं नाही. आर्मोरर काका, ते वेब्ली एकदा उघडून बघायला याल का, मित्राचे वडील घरी असतील तेव्हा?

जुना_आर्मोरर

येतो की. पण तोवर होल्स्टरमधून बाहेर काढून ठेवायला सांगा, आणि कुणी घासू नका म्हणावं.