मदत हवी आहे: कल्पनाविस्ताराला ग्रीक साचा

नववीच्या मुलांचा कल्पनाविस्तार वाचून कंटाळले होते. म्हण कुठलीही असो, शेवट एकच. म्हणून यंदा इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या ॲफ्थोनियस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाचा साचा घेतला. त्याच्या 14 लेखन-पाठांपैकी तिसरा थोरांच्या वचनावर, चौथा सुभाषितावर. पायऱ्या 8: स्तुती, आपल्या शब्दांत अर्थ, कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, साक्ष, समारोप.

गाडी अडते ती उलट बाजूपाशी. तिथं ‘याच्या उलट वागणाऱ्याचं काय होतं’ हे लिहून वचनाला बळ द्यायचं असतं. मुलं वचनच खोडून टाकतात! ‘थेंबे थेंबे तळे साचे’वर एकीनं लिहिलं, “आमच्या गावचं तळं मार्चमध्येच आटतं, थेंब कुठून आणायचे?” पायरी चुकली, पण अख्ख्या वहीत जिवंत वाक्य तेवढंच. मार्क कसे कापू?

खंडनाचा पाठ त्याच मालिकेत लगेच पुढचा, पाचवा आहे. तो आधी घेतला तर गोंधळ कमी होईल की वाढेल? कुणी करून पाहिलंय का? आणि साक्षीला सगळे तुकोबांनाच उभं करतात. नववीला झेपतील असे आणखी कोण सुचवाल?