शब्दचर्चा: 'लिमरन्स'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

मानसशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि एकाच शब्दापाशी घोडे अडले आहे: लिमरन्स. डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ सालच्या आपल्या पुस्तकातून तो रूढ केला. अर्थ साधारण असा: एखादी व्यक्ती मनात ठाण मांडून बसते. तिचा विचार नको म्हटले तरी येतो. तिच्या बारीकसारीक वागण्यातून 'हो की नाही' याचा कौल लावला जातो. ती समोर आली की छाती धडधडते, हात थरथरतात आणि बोलायचे नेमके ते राहून जाते. शरीरसुखाची इच्छा असते, पण मुख्य मागणी ती नव्हे. तिलाही आपल्याबद्दल तसेच वाटावे, ही खरी मागणी.

'प्रेम' लिहावे तर लेखाचा मुद्दाच बुडतो, कारण तो प्रेम आणि लिमरन्स यांत फरक करतो. 'आसक्ती' कीर्तनातली वाटते आणि 'मोह' साडीचाही होतो. सुचवा.

प्रतिसाद १

पिसे. म्हणजे वेड. "तिला त्याचे पिसे लागले." संतांच्या रचनांत देवाचेही पिसे लागते, त्यामुळे शब्दाला मान आहे. फक्त आमच्या गोव्यात जपून वापरा, कोकणीत पिसो म्हणजे सरळ वेडाच!

प्रतिसाद २

पिसे आता कोण बोलते? 'ध्यास' किंवा 'ओढ' घ्या. दोन्ही रोजच्या वापरातले आहेत आणि शाळकरी पोरालाही कळतात.

प्रतिसाद ३

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. शब्दांतले फारसे कळत नाही, पण आत काय घडते ते सांगतो, म्हणजे चाळणी लावायला सोपे जाईल.

'विचार नको म्हटले तरी येतो' हा या अवस्थेचा कणा आहे. इटलीतल्या पिसा विद्यापीठात (गावाचे नाव पिसाच असावे, हा योगायोग) डोनातेला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यावर एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या सहा महिन्यांत प्रेमात पडलेले आणि दिवसाचे निदान चार तास त्याच विचारात घालवणारे २० जण त्यांनी घेतले. शिवाय ओसीडीचे, म्हणजे मंत्रचळाचे, २० रुग्ण आणि तुमच्याआमच्यासारखे २० जण. जिवंत माणसाच्या मेंदूतून नमुना काढता येत नाही, म्हणून रक्तातल्या प्लेटलेट पाहिल्या. सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारे एक रसायन, पेशीत ओढून घेणारे एक प्रथिन त्यांच्यावर असते. प्रेमवीर आणि मंत्रचळे या दोन्ही गटांत ते सारखेच कमी भरले. वर्षा-दीड वर्षाने प्रेमवीरांपैकी काहींना पुन्हा तपासले, तेव्हा आकडा जागेवर आला होता. या कामाला २००० सालचे इग नोबेलही मिळाले, हसवून मग विचार करायला लावणारे.

मात्र यावरून 'प्रेमात सेरोटोनिन घटते' असे ठोकून देणारे लेख दिसले की माझे डोके उठते. प्लेटलेट म्हणजे मेंदू नव्हे. २०१२ च्या एका अभ्यासात तर प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी आणि स्त्रियांच्या रक्तात जास्त सापडले.

आता 'ओढ'. २००५ मध्ये आर्थर एरॉन, हेलन फिशर आणि ल्यूसी ब्राउन या संशोधकांनी नव्या प्रेमातल्या १७ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला. मध्यमेंदूतला डोपामिन हे हवेहवेपणाशी जोडलेले रसायन बनवणारा एक चिमुकला भाग, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया, कामाला लागला. तहानेल्याला पाण्याकडे खेचणारी यंत्रणा हीच. म्हणजे ओढ अगदी चपखल, असे वाटेल. पण याच गटातल्या मंडळींनी पुढे सरासरी २१ वर्षे संसार झालेल्या आणि अजूनही एकमेकांवर भाळलेल्या १७ जणांना तपासले, तर त्यांच्यातही तो भाग तसाच जागा. फरक एवढाच की ध्यानीमनी तेच ते, ती धाकधूक, हे उरले नव्हते. ओढ राहते आणि लिमरन्स जातो, तेव्हा ओढ बाद.

प्रतिसाद २ कडून

ठीक, ओढ मागे घेतो. पण ध्यास?

प्रतिसाद ३ कडून

ध्यास यूपीएससीचाही असतो. आणि ध्यास घेतलेला माणूस कामाला लागतो, हा बापडा तर हातातले कामही सोडून बसतो.

प्रतिसाद ४

अवांतर: बरेच लोक 'रोमांच' आणि 'रोमान्स' एकाच माळेत ओवतात. काडीचा संबंध नाही. रोमांच संस्कृत, रोम म्हणजे अंगावरची लव. रोमान्स आला जुन्या फ्रेंचमधून. लॅटिनऐवजी लोकभाषेत सांगितलेल्या गोष्टींना तो शब्द होता.

प्रतिसाद ५

रोमांचाचा विषय निघालाच आहे तर. आपल्याकडे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ म्हणजे जागीच खिळणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच म्हणजे काटा, स्वरभंग म्हणजे आवाज फुटेनासा होणे, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. विचारणेतले छाती धडधडणे सोडले तर बाकी सगळे यात आहे. नाट्यशास्त्राने ही यादी नटासाठी केली, पण घाम, काटा, कंप ही लक्षणे मन एकाग्र केल्याशिवाय आणता येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळे काढले. आपल्या पाठ्यपुस्तकातली 'स्वायत्त चेतासंस्था' ती हीच ना, सर?

आणि कामसूत्रात प्रेमाच्या दहा पायऱ्या आहेत. सुरुवात चक्षुःप्रीतीने, म्हणजे नजर जडण्याने, मग मनःसंग म्हणजे मन जडणे, संकल्प म्हणजे मनातले मनोरथ, चौथ्या पायरीवर झोप उडणे, पाचवीवर अंग वाळणे, सहावीवर बाकी सगळ्यातून मन उडणे. त्यापुढे लाज सुटणे, उन्माद, मूर्च्छा आणि शेवटी मरण. कामदेवाचे एक नाव 'स्मर' आहे, स्मृ धातूपासून. आठवण हाच देव! 'स्मरज्वर' कसा वाटतो?

प्रतिसाद ३ कडून

हो, स्वायत्त चेतासंस्थाच, आपल्याला न विचारता शरीर चालवणारी. काटा येतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा स्नायूमुळे, आणि त्याला हुकूम मिळतो तिच्याच एका भागाचा, अनुकंपी चेतासंस्थेचा. तिच्याच सांगण्यावरून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, बाहुल्या विस्फारतात आणि पोटाकडचे रक्त आखडते. म्हणून, ताई, अनुवादात 'पोटात फुलपाखरे' कृपया नकोत. मराठी माणसाच्या पोटात कालवते किंवा गोळा येतो.

स्मरज्वर छान आहे, पण वाचक पॅरासिटामॉल शोधेल.

विचारणाऱ्याकडून

सगळ्यांचे आभार. एक कसोटी मात्र अजून कुणी लावली नाही. टेनॉव्ह बाईंच्या मते लिमरन्स जगतो तो आशा आणि शंका दोन्ही मिळून. स्वच्छ होकार मिळाला की हळूहळू निवतो, स्वच्छ नकार मिळाला तरी कालांतराने निवतो. अधांतरी ठेवले की पेटत राहतो. लेखातले उदाहरण असे: रात्री पावणेबाराला तिच्या नावाखाली 'टायपिंग' दिसते, थांबते, पुन्हा दिसते, आणि मग ती ऑफलाइन. निरोप काही येत नाही. हा गडी पहाटेपर्यंत फोन उपडा-सुलटा करत जागा. त्याला काय झाले आहे? पिसे लागले आहे, कबूल. पण पिशात आशा कुठे दिसते?

प्रतिसाद ३ कडून

अधांतरीपणाला आधार आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटाने २००३ मध्ये माकडांवर दाखवले की बक्षिसाची वाट पाहताना डोपामिन पेशी हळूहळू तापत जातात, आणि शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा सर्वांत जास्त. खात्रीचे बक्षीस असेल तर तेवढे नाही. माकडाच्या रसाच्या थेंबावरून माणसाच्या 'टायपिंग'वर उडी मारणे हा तर्कच, पण मला तो पटतो.

प्रतिसाद १

मग 'वेडी आस'. वेडही आले, आशाही आली, आणि बोलण्यातले आहे.

प्रतिसाद ५

वेडी आस पावसाचीही असते, दुबईला गेलेल्या लेकाचीही असते. संज्ञा म्हणून 'प्रेमपिसे' घ्या, जुनाच शब्द आहे. आणि 'आस' व्याख्येच्या वाक्यात येऊ द्या.

प्रतिसाद २

मूळ शब्दाची व्युत्पत्ती पाहून काही धागा मिळेल का?

विचारणाऱ्याकडून

नाही मिळणार. बाईंनी स्वतःच सांगितले होते की शब्दाला मूळबिळ काही नाही, दिसायला बरा वाटला म्हणून घेतला. मग आपण तरी धातू कशाला खणायचा?

तर असे करते. पहिल्यांदा येईल तिथे: "लिमरन्स म्हणजे प्रेमपिसे: एखाद्या व्यक्तीने आपल्यावर जीव टाकावा ही आस, आणि ती टाकेल की नाही या घालमेलीत अडकलेले मन." पुढे सर्वत्र नुसते प्रेमपिसे. पोटातली फुलपाखरे काढली.

आता 'लिमरंट ऑब्जेक्ट' उरला, म्हणजे जिच्यावर हे सगळे जडते ती व्यक्ती. 'प्रेमपिशाचे लक्ष्य' लिहिले तर संपादक त्यात पिशाच वाचणार हे नक्की.

प्रतिसाद १

"जिचे पिसे लागले ती." दोन शब्द जास्त जातील, जाऊ द्यात.