सिनेमा संपला, घरी गेलात. पुढे?

'पाहून सुन्न झालो' हे आपण सगळेच म्हणतो. मला त्यापुढचं हवंय. जात, देव, लग्न, कोर्ट अशा दुखऱ्या जागी बोट ठेवणारा सिनेमा पाहिल्यावर घरात काय बोलणं झालं, काय टाळलं गेलं? सुरुवात मी करतो, पुढे तुम्ही लिहा. 'फँड्री', फेब्रुवारी २०१४. डुक्कर हाताशी येतं, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुकरामागे धावणारं, सिनेमातल्या जब्याचं घरदार जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. थिएटर हसलं, मीही हसलो. शेजारी बसलेला वर्गमित्र हसला नाही. बाहेर चहा घेताना एवढंच म्हणाला, "आमचा आजा असाच धावायचा." चहाचे पैसेही त्यानंच दिले.

*

मी गडहिंग्लजकडची. आमच्या दारात जोगतीण, म्हणजे देवीला सोडलेली बाई, यायची; डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग (देवीची मूर्ती असलेली टोपली), हातात परडी. आई पीठ-मीठ घालून पाया पडायची. 'जोगवा' (२००९) टीव्हीवर लागला तेव्हा देवीला सोडलेल्या उपेंद्र लिमयेला लुगडं नेसवलेलं बघून ती उठून आत गेली. रात्री भांडी घासताना आपणहून सांगितलं: आज्जीच्या धाकट्या बहिणीच्या केसांत जट आली, म्हणून तिला देवीला सोडलेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मी इतकी वर्षं आज्जीला एकुलती एकच समजत होते! मंगळवारी आई अजून पीठ काढून ठेवते.

*

'सैराट'वर सगळे लिहितील, म्हणून थोडक्यात. आमच्याकडे प्रत्येक वरातीत 'झिंगाट' वाजतं. जातीबाहेरचं लग्न अजून एकही नाही.

*

मुंबईत वकिली करतो. 'कोर्ट' बघून मित्र विचारायचे, खरंच इतकं रटाळ असतं? याहून असतं. स्लीव्हलेस घातलं म्हणून एका बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकलंच जात नाही, तिथे लोक दचकले, मी नाही. मला जड गेलं ते सरकारी वकीलबाईंचं घर. खटल्यातल्या शाहिराला आत ठेवायला दिवसभर कलमं वाचायची आणि लोकलनं घरी येऊन पोळ्या लाटायच्या. अगदी माझी ताई. धड खलनायक दिला असता तर झोप लागली असती.

*

आईनं 'उंबरठा' १९८२ साली सासूबाईंबरोबर पाहिला. आजीचा निकाल तयार होता: "पोरीला टाकून जाते, ती कसली आई?" आई तेव्हा गप्प राहिली. परवा आम्ही दोघींनी तो परत लावला. शेवटी स्मिता पाटील गाडीत बसते तिथे मी विचारलं, "तेव्हा तुला काय वाटलं होतं गं?"

"गाडी कुठली आहे, ते वाचायला बघत होते."